स्वायत्ततेचा तमिळ हिशेब

जानेवारी १९९१. मद्रासच्या राजभवनात सुरजितसिंग बर्नाला राज्यपाल होते. दिल्लीत चंद्रशेखर यांचे औटघटकेचे सरकार काँग्रेसच्या टेकूवर उभे होते, आणि काँग्रेसला आणि तिच्या मित्रपक्षाला, म्हणजे जयललितांच्या अण्णाद्रमुकला, तमिळनाडूतले करुणानिधींचे सरकार नको होते. कारण सांगितले गेले ते श्रीलंकेतल्या तमिळ वाघांशी, म्हणजे एलटीटीईशी, असलेल्या लागेबांध्यांचे. राष्ट्रपती राजवट लावायची तर राज्यपालाचा अहवाल घ्यायचा, अशी रीत. बर्नालांनी अहवाल द्यायला साफ नकार दिला. पण घटनेच्या ३५६व्या अनुच्छेदात राज्यपालांच्या अहवालापुढे ‘किंवा अन्यथा’ असे दोन शब्द आहेत. त्या दोन शब्दांवर बोट ठेवून ३० जानेवारीला सरकार बरखास्त झाले. विधानसभेतले द्रमुकचे बहुमत शाबूत होते. बर्नालांची बदली बिहारला झाली. तिकडे न जाता त्यांनी राजीनामा दिला.

बर्नाला अकाली दलाचे. १९८७मध्ये पंजाबचे मुख्यमंत्री असताना त्यांचे स्वतःचे सरकार याच अनुच्छेदाने गेले होते. अकालींनी १९७३च्या आनंदपूर साहिब ठरावात केंद्राकडे संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, चलन, दळणवळण एवढीच खाती ठेवा, असे म्हटले होते. द्रमुकने पुढच्याच वर्षी विधानसभेच्या ठरावातून त्याच वळणाची मागणी केली होती. एका प्रादेशिक पक्षाचा माणूस दुसऱ्या प्रादेशिक पक्षाचे सरकार वाचवायला उभा राहिला आणि हरला.

राज्यांना जास्त अधिकार द्या, असे म्हणणारे पक्ष आपल्या देशात कमी नाहीत. पंजाबात अकाली, काश्मिरात नॅशनल कॉन्फरन्स, आंध्रात तेलुगू देसम; बंगालच्या डाव्या आघाडीनेही १९७७मध्ये केंद्राला सविस्तर निवेदन दिले होते. तरी द्रमुकचे प्रकरण वेगळे काढून पाहावे असे आहे. आपल्याला नेमके काय हवे, हे या पक्षाने घटनेचे एकेक कलम समोर ठेवून लिहून काढले; आणि पुढे दिल्लीच्या सत्तेत बसण्याची संधीही त्याला पंधरा वर्षांहून अधिक मिळाली. मागणी एवढी नेमकी आणि संधी एवढी लांब, तरी पदरात काय पडले, हा हिशेब कुणीतरी मांडायला हवा.

हिशेबाची सुरुवात फुटीरतेपासून होते, हे लपवण्यात अर्थ नाही. सी. एन. अण्णादुराई पेरियारांपासून वेगळे झाले आणि १७ सप्टेंबर १९४९ला द्रविड मुन्नेट्र कळघम स्थापन झाला, तेव्हा पक्षाचे ध्येय स्वतंत्र ‘द्रविड नाडू’ हे होते. तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम बोलणाऱ्यांचे एक वेगळे राष्ट्र. तेलुगू, कन्नड आणि मल्याळी मंडळींनी या कल्पनेकडे ढुंकूनही पाहिले नाही, हा भाग निराळा. १९६२मध्ये अण्णादुराई कांचीपुरमला विधानसभा हरले आणि राज्यसभेत गेले. तिथल्या पहिल्याच भाषणात त्यांनी द्रविड नाडूसाठी स्वयंनिर्णयाचा हक्क मागितला. मग ऑक्टोबरात चीनचे युद्ध झाले. १९६३मध्ये सोळावी घटनादुरुस्ती आली: निवडणुकीला उभे राहायचे तर देशाच्या सार्वभौमत्वाची आणि अखंडतेची शपथ घ्या. पक्षापुढे दोनच वाटा होत्या. निवडणुका सोडायच्या किंवा स्वतंत्र राष्ट्र सोडायचे. अण्णादुराईंनी राष्ट्र सोडले. ज्या कारणांमुळे ते मागितले ती कारणे मात्र कायम आहेत, असे ते सांगत राहिले.

माझ्या मते या पक्षाच्या साऱ्या वाटचालीतली सगळ्यात शहाणपणाची चाल हीच. द्रमुक वेगळेपणाकडून स्वायत्ततेकडे आला. अकालींच्या वाट्याला उलटा प्रवास आला. आनंदपूर साहिब ठरावाच्या भोवती ऐंशीच्या दशकात बंदुका आल्या, आणि तो ठराव शेवटपर्यंत फुटीरतेचा दस्तऐवज म्हणूनच वाचला गेला. मागणी तीच, पण आधी काय सोडले आहे यावर ती कशी ऐकली जाते हे ठरते.

भाषेचा लढा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून तो थोडक्यात. १९३८मध्ये राजाजींच्या मंत्रिमंडळाने मद्रास प्रांतातल्या शाळांत हिंदी सक्तीची केली, तिथून ठिणगी पडली. १९६५चा भडका मात्र एका क्रियापदावरून झाला. १९६३च्या राजभाषा कायद्यात २६ जानेवारी १९६५नंतरही इंग्रजी ‘चालू ठेवता येईल’ असे होते. ‘चालू राहील’ असे नव्हते. या फरकासाठी मदुराईपासून मद्रासपर्यंत विद्यार्थी रस्त्यावर आले, काहींनी अंगावर रॉकेल ओतून घेतले, आणि सरकारी अंदाजानेही सत्तरच्या आसपास माणसे मेली. दोन वर्षांनी काँग्रेस तिथे पडली ती कायमची. काँग्रेसचे अखिल भारतीय अध्यक्ष कामराज विरुधुनगरमध्ये एका विद्यार्थी नेत्याकडून हरले.

यातला एक धागा मराठी वाचकाच्या घरचा आहे. त्या वेळी देशाचे गृहमंत्री यशवंतराव चव्हाण होते, आणि १९६७चे राजभाषा दुरुस्ती विधेयक त्यांनीच लोकसभेत मांडले. ज्या राज्यांनी हिंदी ही राजभाषा म्हणून स्वीकारलेली नाही, त्या सर्व राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केल्याखेरीज केंद्राच्या कारभारातून इंग्रजी काढता येणार नाही, अशी तरतूद त्यात आहे. म्हणजे एकट्या तमिळनाडूने ‘नाही’ म्हटले तरी पुरते. मराठी राजभाषा असलेल्या महाराष्ट्राच्या हातीही तोच नकाराधिकार आहे, याची आठवण आपल्याकडे क्वचितच कुणी काढतो. कायद्याच्या पुस्तकात उतरलेला द्रमुकचा सगळ्यात भक्कम विजय हाच, आणि तो पक्षाने दिल्लीत एकही मंत्री नसताना मिळवला. ही नोंद वाचकाने जवळ ठेवावी. पुढे ती लागणार आहे.

सत्ता मिळाली आणि दोन वर्षांत, ३ फेब्रुवारी १९६९ला, अण्णादुराई गेले. करुणानिधी मुख्यमंत्री झाले. त्यांनी त्याच वर्षी सप्टेंबरात एक समिती नेमली. अध्यक्ष पी. व्ही. राजमन्नार: मद्रास उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती, चौथ्या वित्त आयोगाचे अध्यक्ष. सोबत मद्रास विद्यापीठाचे माजी कुलगुरू ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार आणि माजी मुख्य न्यायमूर्ती पी. चंद्रा रेड्डी. यातला एकही पक्षाचा कार्यकर्ता नव्हता, आणि ही निवड मुद्दाम केलेली असणार. २७ मे १९७१ला अहवाल आला. एका राज्य सरकारने सबंध घटनेची केंद्र-राज्य अंगाने उलटतपासणी करवून घ्यावी, असे स्वतंत्र भारतात पहिल्यांदा घडले.

अहवालातल्या शिफारशी आजही वाचण्यासारख्या आहेत. पंतप्रधान अध्यक्ष आणि सर्व मुख्यमंत्री सदस्य अशी आंतरराज्य परिषद ताबडतोब नेमा, आणि राज्यांवर परिणाम करणारे विधेयक तिच्यापुढे नेल्याशिवाय संसदेत आणू नका. राज्यपाल नेमताना त्या राज्याच्या मंत्रिमंडळाचा सल्ला घ्या. मंत्रिमंडळ राज्यपालांची मर्जी असेतो राहील, ही ओळ घटनेतून काढा. ३५६ काढा. वित्त आयोग कायमचा करा. नियोजन आयोगाच्या जागी कायद्याने स्थापलेले मंडळ आणा. शेषाधिकार राज्यांना द्या. राज्यसभेत लहानमोठ्या सर्व राज्यांना सारख्या जागा द्या. कंपन्यांवरच्या प्राप्तिकराचाही वाटा राज्यांना द्या. आयएएस आणि आयपीएस या अखिल भारतीय सेवा बंद करा.

शेवटची शिफारस मला पटत नाही. अडचणीच्या वेळी स्थानिक पुढाऱ्याला ‘साहेब, हे नियमात बसत नाही’ म्हणायला जिल्ह्यात एखादा बाहेरचा माणूस असलेला बरा. पण बाकीच्या यादीवर नजर टाकली तर एक गोष्ट जाणवते. यातल्या बहुतेक मागण्या बंडखोराच्या नाहीत, हिशेबनीसाच्या आहेत. त्यातली काही कलमे पुढे वेगळ्याच मार्गांनी खरीही झाली. ऐंशीव्या घटनादुरुस्तीने २०००मध्ये कंपनी कर वाटपाच्या रकमेत आला. नियोजन आयोग २०१५मध्ये गेला, पण त्या जागी आलेल्या नीती आयोगाला पैसे वाटण्याचा अधिकारच नाही. राजमन्नारांना हे अभिप्रेत नव्हते.

१९७०च्या तिरुचीच्या परिषदेत पक्षाने घोषणा दिली होती: ‘मानिलत्तिल सुयाट्ची, मत्तियिल कूट्टाट्ची’. राज्यात स्वराज्य, केंद्रात संघराज्य. आज चेन्नईच्या भिंतींवर ती अजून रंगवलेली दिसते. एप्रिल १९७४मध्ये विधानसभेने राजमन्नार अहवालाच्या आधाराने ठराव केला. दिल्लीने तो बाजूला ठेवला. एवढ्या खटाटोपातून त्या वर्षी हाती लागले ते एक झेंडावंदन. तोवर राज्यांच्या राजधानीत १५ ऑगस्टला राज्यपाल तिरंगा फडकावत. करुणानिधींनी पंतप्रधानांकडे हा मुद्दा लावून धरला आणि १९७४पासून देशभरातले मुख्यमंत्री तो मान घेऊ लागले. दर स्वातंत्र्यदिनी मंत्रालयात आपला मुख्यमंत्री झेंडा फडकावतो, त्याचे श्रेय त्या तमिळ पत्रव्यवहाराला आहे. श्रेय खरे, पण दोरी ओढण्याचे.

त्यानंतरचा काळ ३५६चा. याच काळात स्वायत्ततेच्या मागणीची खरी परीक्षा झाली, आणि त्यात तमिळ पक्षांचे वागणे उजळून निघत नाही.

३१ जानेवारी १९७६. आणीबाणीला विरोध करणारे करुणानिधींचे सरकार बरखास्त झाले. शेकडो कार्यकर्ते तुरुंगात गेले. त्यांत करुणानिधींचा बावीस वर्षांचा मुलगा स्टॅलिनही होता. सरकारच्या भ्रष्टाचाराच्या चौकशीसाठी न्या. आर. एस. सरकारिया यांचा आयोग बसला. सात वर्षांनी केंद्र-राज्य संबंधांचा अभ्यास करायला जो आयोग इंदिरा गांधींनी नेमला, त्याचेही अध्यक्ष हेच सरकारिया. तमिळ माणसाला ‘सरकारिया आयोग’ म्हटल्यावर कुठला आठवावा, हा प्रश्नच आहे.

विधानसभाच अस्तित्वात नसलेल्या त्या वर्षात बेचाळिसावी घटनादुरुस्ती झाली. शिक्षण आणि वने हे विषय राज्य सूचीतून उचलून समवर्ती सूचीत टाकले गेले. या सूची घटनेच्या सातव्या परिशिष्टात आहेत, आणि त्याला हात लावायचा तर निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते. ती मिळाली. ज्या राज्याने या विषयावर अहवाल लिहून घेतला होता, त्याला मत द्यायला सभागृहच नव्हते. आणीबाणी गेली, चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने बरेच काही पूर्ववत केले. शिक्षण परत गेले नाही.

मग १९८०. आता द्रमुकची इंदिरा काँग्रेसशी युती होती, आणि राज्यात एम. जी. रामचंद्रन यांचे अण्णाद्रमुकचे सरकार होते. युतीने लोकसभेच्या ३९पैकी ३७ जागा जिंकल्या. १७ फेब्रुवारीला इंदिरा गांधींनी एका दिवसात नऊ राज्यांची सरकारे घालवली. त्यांत एमजीआर यांचे सरकार होते आणि महाराष्ट्रातले शरद पवारांचे पुलोदचे सरकारही. जो अनुच्छेद घटनेतून काढा म्हणून राजमन्नार समितीने लिहिले, त्याचा फटका या वेळी प्रतिस्पर्ध्याला बसला होता, म्हणून द्रमुकला तो बोचला नाही. चार महिन्यांच्या आत मतदारांनी एमजीआर यांना पुन्हा निवडून दिले. लोकांना स्वायत्ततेचा अर्थ पक्षापेक्षा बरा कळला होता, असे म्हणायला हरकत नाही. १९९१मध्ये पाळी फिरली, ती गोष्ट आरंभी आलीच आहे. आणि १९९८-९९मध्ये जयललितांनी वाजपेयींकडे तोच हट्ट धरला: करुणानिधींचे सरकार घालवा. वाजपेयींनी ते केले नाही. जयललितांनी पाठिंबा काढला आणि १७ एप्रिल १९९९ला दिल्लीतले सरकार एका मताने पडले.

तोवर हवा बदललेली होती, आणि ती बदलली सर्वोच्च न्यायालयाने. ११ मार्च १९९४च्या बोम्मई निकालात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने सांगितले की बहुमत आहे की नाही हे राजभवनात ठरत नाही, विधानसभेत ठरते. आणि राष्ट्रपती राजवटीची घोषणा न्यायालयाला तपासता येते. घटना समितीत बाबासाहेबांनी हे अनुच्छेद कागदावरच पडून राहावेत, वापरले जाऊ नयेत, अशी आशा व्यक्त केली होती. ती खरी ठरायला पंचेचाळीस वर्षे गेली, आणि त्यात कुठल्या पक्षाच्या ठरावाचा वाटा नव्हता. गेले ते सरकार कर्नाटकातल्या जनता दलाचे, आणि दाद मागितली ती त्याच्या मुख्यमंत्र्याने, बोम्मईंनी.

आता दिल्लीच्या वर्षांकडे. डिसेंबर १९८९ ते नोव्हेंबर १९९०, १९९६ ते ९८, १९९९ ते २००३ आणि २००४ ते २०१३. व्ही. पी. सिंग, देवेगौडा, गुजराल, वाजपेयी, मनमोहन सिंग. एवढ्या पंतप्रधानांच्या मंत्रिमंडळांत द्रमुकचे मंत्री होते. पहिल्याच खेपेला महत्त्वाचे काही झाले: सरकारियांच्या शिफारशीवरून मे १९९०मध्ये आंतरराज्य परिषद अस्तित्वात आली, आणि जूनमध्ये कावेरी लवाद नेमला गेला. व्ही. पी. सिंगांच्या राष्ट्रीय आघाडीचा पहिला मोठा मेळावाच १९८८मध्ये मद्रासला झाला होता. त्या मैत्रीची ही फळे.

पण सत्तेचे वजन जसे वाढले तसा मागणीचा पोत बदलला. जहाजबांधणी, दूरसंचार, पर्यावरण, रसायने. २००९मध्ये तर खात्यांच्या वाटपावरून पक्ष पहिल्या शपथविधीला बाहेर राहिला. करुणानिधी दिल्लीहून रागाने परतले, आणि मनासारखी खाती ठरल्यावर मंत्री गेले. जी दहा-पंधरा कलमे राजमन्नारांनी लिहून ठेवली होती, त्यांतल्या एकासाठीही पक्षाने अशी अडवणूक केल्याचे दिसत नाही. शिक्षण राज्य सूचीत परत द्या, नाहीतर पाठिंबा काढतो, असे म्हणण्याइतके खासदार २००४ नंतर पक्षाकडे होते. डिसेंबर २०१०मध्ये वैद्यकीय प्रवेशासाठी देशव्यापी परीक्षेची, म्हणजे नीटची, अधिसूचना निघाली तेव्हा द्रमुक केंद्रात सत्तेत होता. राज्य सरकारने तिला मद्रास उच्च न्यायालयात आव्हान दिले, हे खरे. पण एकच पक्ष एका शहरात सरकार आणि दुसऱ्या शहरात फिर्यादी, हे दृश्य फार शोभणारे नव्हते.

मिळाले ते मोलाचे नव्हते असे नाही. २००४मध्ये तमिळ अभिजात भाषा ठरली. त्यासाठी केंद्राने तो दर्जाच नव्याने निर्माण केला, आणि पुढे बरोबर वीस वर्षांनी, ऑक्टोबर २०२४मध्ये, मराठीला जो दर्जा मिळाला तो त्याच दारातून. झेंड्याप्रमाणेच हेही तमिळ मेहनतीचे फळ आपण आयते खाल्ले. तरी मान वेगळा आणि अधिकार वेगळा. १९६७मध्ये मंत्री नसताना नकाराधिकार मिळाला होता. २००९मध्ये मंत्री होते तेव्हा खाती मिळाली.

काश्मीरचे एक उदाहरण जोडून ठेवतो. जून २०००मध्ये फारूक अब्दुल्लांच्या सरकारने विधानसभेत स्वायत्ततेचा ठराव मंजूर केला. वाजपेयींच्या मंत्रिमंडळाने तो आठवड्याभरात फेटाळला. नॅशनल कॉन्फरन्स त्या आघाडीत होता, आणि द्रमुकही. आघाडी अभंग राहिली. पुढच्या दोन दशकांत काश्मीरचे काय झाले ते लिहायला नको.

पैशाच्या प्रश्नावर तमिळ तक्रार सर्वांत ठोस आहे. केंद्रीय करांतून राज्यांना मिळणाऱ्या रकमेत तमिळनाडूचा वाटा बाराव्या वित्त आयोगाच्या वेळी ५.३०५ टक्के होता. तेराव्यात ४.९६९, चौदाव्यात ४.०२३, पंधराव्यात ४.०७९. उत्तर प्रदेशाचा पंधराव्या आयोगातला वाटा १७.९३९ टक्के. गरीब राज्याला जास्त द्यावे, याबद्दल कुणी शहाणा माणूस वाद घालणार नाही. पण लोकसंख्येचा आधार १९७१च्या जनगणनेवरून २०११वर आणला की ज्यांनी कुटुंबनियोजन केले त्यांचे नुकसान होते, हे गणित आहे, अस्मिता नाही. शिवाय उपकर आणि अधिभार वाटपाच्या रकमेत धरलेच जात नाहीत. म्हणजे केंद्राला कर वाढवायचा असेल आणि राज्यांना द्यायचा नसेल, तर त्याचे नाव बदलले की झाले. महाराष्ट्राचा वाटा चौदाव्या आयोगातल्या ५.५२१वरून पंधराव्यात ६.३१७ टक्क्यांवर गेला. आपल्याकडे हा विषय का तापला नाही, याचे उत्तर बहुधा तिथेच आहे.

हेच गणित लोकसभेच्या जागांना लावले की चेन्नईची झोप उडते. १९६२मध्ये मद्रास राज्याला ४१ जागा होत्या, १९६७पासून ३९ झाल्या. २००१च्या चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने राज्यनिहाय जागा २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवल्या. पुढे काय, या प्रश्नावर मार्च २०२५मध्ये मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी चेन्नईत इतर राज्यांच्या नेत्यांना बोलावून बैठक घेतली. बाबासाहेबांनी १९५५मध्येच भाषावार राज्यांवर लिहिताना उत्तरेच्या संख्याबळाखाली दक्षिण दबेल, ही भीती बोलून दाखवली होती आणि उत्तर प्रदेशाचे तीन भाग करा, असे सुचवले होते. सत्तर वर्षांत त्यातला फक्त उत्तराखंडाचा तुकडा वेगळा झाला.

राज्यपालांचे भांडण ताजे आहे. २०२१मध्ये द्रमुक पुन्हा सत्तेवर आला आणि राज्यपाल आर. एन. रवी यांच्याशी खटके सुरू झाले. विधानसभेने केलेली विधेयके, त्यातली बरीच कुलगुरूंच्या नेमणुकीची, राजभवनात पडून राहिली. ८ एप्रिल २०२५ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी दहा विधेयकांना संमती मिळाली असे मानले जाईल असा निर्णय दिला आणि राज्यपालांना मुदती घालून दिल्या. चेन्नईत पेढे वाटले गेले. आठवडाभरात, १५ एप्रिलला, स्टॅलिन यांनी निवृत्त न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली राज्याच्या अधिकारांचा अभ्यास करणारी समिती जाहीर केली. राजमन्नारांनंतर साडेपाच दशकांनी पुन्हा समिती. नोव्हेंबरात मात्र राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नांवर सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पाच जणांच्या पीठाने मत दिले: राज्यपालांना न्यायालयाने मुदत घालता येणार नाही, ‘मानीव संमती’ही नाही; पण विधेयक दाबून बसताही येणार नाही, कारणाविना फार उशीर झाला तर न्यायालय निर्णय घ्यायला सांगू शकेल. फार उशीर म्हणजे किती, हे मोघम राहिले. विधानपरिषदेवरच्या बारा नियुक्त आमदारांची यादी २०२०च्या नोव्हेंबरापासून राजभवनात कशी पडून होती हे ज्यांना आठवते, त्या मराठी वाचकाला ‘फार उशीर’ कशाला म्हणतात हे समजावून सांगायला नको.

एवढे लिहिल्यावर द्रमुकच्या स्वतःच्या घरात डोकवायलाच हवे. दिल्लीकडे अधिकार मागणारा पक्ष खाली किती देतो? मद्रास महापालिका १९७३मध्ये बरखास्त झाली, गैरव्यवहाराच्या आरोपावरून, आणि ती करणारे सरकार द्रमुकचे होते. पुढची निवडणूक १९९६मध्ये झाली. तेवीस वर्षे! मधली बरीच वर्षे अण्णाद्रमुकची, हे मान्य; पण सुरुवात कुणी केली? १९९६मध्ये थेट लोकांनी निवडलेले पहिले महापौर झाले ते स्टॅलिन. म्हणजे केंद्राने राज्याशी जे वागू नये म्हणून समिती नेमायची, ते राज्याने शहराशी खुशाल वागायचे. यावर आपण हसू नये. मुंबई महापालिका मार्च २०२२पासून जवळजवळ चार वर्षे प्रशासकाच्या हाती होती. जकात २०१७मध्ये गेल्यापासून ती राज्याच्या भरपाईकडे डोळे लावून आहे. आपल्याकडे तर त्यावर समितीही नेमली गेली नाही.

महाराष्ट्राकडे वळल्यावर फरक ठळक दिसतो. संयुक्त महाराष्ट्राचा लढा राज्य मिळवण्याचा होता. राज्य मिळाल्यावर त्याला काय अधिकार असावेत, हा प्रश्न कुणी धसाला लावला नाही. यशवंतराव दिल्लीत गेले आणि मराठी राजकारणाची नजरही दिल्लीत कुणाला काय मिळते इकडे गेली. १९६६मध्ये मुंबईत शिवसेना निघाली, ती दाक्षिणात्यांच्या विरोधात. लुंगी हटवायच्या घोषणा शिवाजी पार्कवर घुमत होत्या. पुढच्याच वर्षी त्या लुंगीवाल्यांनी मद्रासमध्ये सत्ता घेतली आणि दोन वर्षांत घटनेवर समिती बसवली. आपल्या प्रादेशिक पक्षाने नोकऱ्यांच्या याद्या छापल्या, त्यांच्या पक्षाने सातवे परिशिष्ट वाचले. नोकऱ्यांचा प्रश्न खोटा नव्हता. पण त्याची दाद लागण्याची जागा कारकुनाच्या खुर्चीत नव्हती, ती अधिकारांच्या सूचीत होती, हे आपल्या नेत्यांना कधी महत्त्वाचे वाटले नाही. राजमन्नार अहवालाच्या तोडीचा एकही कागद महाराष्ट्राच्या कुठल्या प्रादेशिक पक्षाने निर्माण केलेला मला आढळलेला नाही.

१६ एप्रिल २०२५ला, म्हणजे चेन्नईत कुरियन जोसेफ समिती जाहीर झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, महाराष्ट्र शासनाने पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा करण्याचा निर्णय काढला. मोठा गदारोळ झाला, २९ जूनला निर्णय मागे घेतला गेला, ५ जुलैला वरळीत ठाकरे बंधू एका व्यासपीठावर आले. स्टॅलिन यांनी अभिनंदन केले. सभेत मराठीवर भरभरून बोलले गेले. शाळेत काय शिकवायचे हे राज्याने ठरवायचे की केंद्राच्या धोरणाने, आणि तो अधिकार राज्याकडून कधी व कसा गेला, हे मात्र वादात फारसे कुठे आले नाही. तमिळनाडूने तो मुद्दा सोडला नाही, आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाखालच्या योजनेवर सही न केल्यामुळे २०२४-२५चे समग्र शिक्षा योजनेतले २,१५२ कोटी रुपये अडवले गेले, असे त्या राज्याचे म्हणणे आहे. आपल्याकडे निर्णय फिरला, पैसे वाचले आणि विषय संपला.

आंतरराज्य परिषदेची शेवटची बैठक १६ जुलै २०१६ला झाली. शिक्षण हा विषय ३ जानेवारी १९७७पासून समवर्ती सूचीत पंचविसाव्या क्रमांकावर आहे. मधल्या काळात दिल्लीत आलेल्या अनेक आघाडी सरकारांत द्रमुक होता, शिवसेना होती, अकाली होते, तेलुगू देसम होता, राष्ट्रवादी होती. तो विषय परत राज्य सूचीत नेणारी घटनादुरुस्ती त्यांपैकी एकाही सरकारच्या काळात झाली नाही.